कोपरातील अरुंद वाट

दाराच्या चौकटीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. क्षणभर हात बधिर होतो, आपण तो चोळतो आणि विसरून जातो. कोपराच्या आतल्या बाजूस हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्यामागील अरुंद खोबणीतून ‘अल्नर’ नावाचा मज्जातंतू जातो. तेथे त्याच्यावर स्नायूंचे जाड आवरण नसल्याने धक्का थेट त्यालाच बसतो. करंगळीची आणि तिच्या बाजूच्या अर्ध्या अनामिकेची संवेदना, तसेच पंजातील बहुतेक लहान स्नायूंची शक्ती या मज्जातंतूवर अवलंबून असते.

या मज्जातंतूची सर्वांत कठोर परीक्षा अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर होते. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाने चेंडू टाकताना वाकलेले कोपर १५ अंशांहून अधिक सरळ केले तर तो चेंडू नियमबाह्य ठरतो. पिचरवर असे बंधन नाही. तो कोपर वाकवून हात मागे नेतो आणि विलक्षण झटक्याने सरळ करीत सुमारे साडेअठरा मीटरवर चेंडू फेकतो. मोठ्या स्पर्धांत चेंडूचा वेग अनेकदा ताशी १४५ किलोमीटरच्या पुढे जातो. त्या क्षणी कोपराचा सांधा आतल्या बाजूने उघडू पाहतो आणि त्याला आवरून धरणाऱ्या लहानशा अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो. हजारो फेकींनंतर हा अस्थिबंध झिजतो, प्रसंगी तुटतो. शेजारून जाणारा मज्जातंतूही त्याच ओढाताणीत सापडतो, कारण कोपर वाकले की त्याची वाट अधिकच अरुंद होते आणि तो ताणला जातो.

१७ जुलै १९७४ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातील हा अस्थिबंध सामना चालू असतानाच तुटला. तो तेव्हा ३१ वर्षांचा होता. अशा दुखापतीनंतर पिचरची कारकीर्द संपलीच, असे त्या काळी मानले जाई. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातील एक स्नायुबंध काढून डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवला. ही शस्त्रक्रिया आज जगभर ‘टॉमी जॉन’ याच नावाने ओळखली जाते.

या कथेचा दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. नवा अस्थिबंध जागेवर बसला, तरी अल्नर मज्जातंतूने साथ सोडली. बोटे नख्यांसारखी वाकली, पंजातील शक्ती गेली. डिसेंबरमध्ये मज्जातंतूसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा संपूर्ण हंगाम जॉनने मैदानाबाहेर काढला. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

इतका वेळ का लागला? दुखावलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने. कोपरापासून पंजापर्यंतचे अंतर पाऊण ते एक फूट. म्हणजे केवळ ही वाट चालून जाण्यास आठ-दहा महिने हवेत. स्नायू तोपर्यंत वाट पाहतात, परंतु अमर्याद काळ नाही. फार उशीर झाला तर ते कायमचे सुकतात.

हे मी पुस्तकात वाचले होते. तरीही काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून चूक झाली. सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त लिपिक करंगळीला मुंग्या येतात म्हणून माझ्याकडे आले. मधुमेह होता, वय होते. मी दोन्हींकडे बोट दाखवून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्यांचे कोपर तपासले नाही. चार महिन्यांनी त्यांच्या पत्नी त्यांना घेऊन आल्या. “डॉक्टर, यांना सदऱ्याची गुंडी लावता येईना,” त्या म्हणाल्या. अंगठा आणि तर्जनी यांमधील मांसल भाग तोवर खोलगट झाला होता. दिवसाचे कित्येक तास ते लाकडी खुर्चीच्या हातावर कोपर टेकून बसत, हे तेव्हा मला कळले. शस्त्रक्रियेने मुंग्या थांबल्या; बोटांची गेलेली शक्ती पूर्णपणे परत आली नाही. पिचरचा हात म्हणजे त्याची उपजीविका, म्हणून त्याच्या बोटांतील बदल लगेच लक्षात येतो. आपल्या घरातील आजोबांच्या हाताकडे तितक्या बारकाईने कोण पाहतो?

पाहणे अवघड नाही. अंगठा आणि तर्जनीची कड यांमध्ये कागद घट्ट धरायला सांगावा व तो हळूच ओढावा. कागद धरून ठेवण्यासाठी अंगठ्याचे टोक वाकवावे लागत असेल, तर या मज्जातंतूची शक्ती कमी झाली असावी. कुलपात किल्ली फिरवणे किंवा बाटलीचे झाकण उघडणे जड जाऊ लागले, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

काळजीही साधीच आहे. कठीण पृष्ठभागावर कोपर टेकून बसू नये. खुर्चीच्या हातावर मऊ गादी बांधावी. फोन कानाशी धरून कोपर फार वेळ वाकलेले ठेवू नये. रात्री हात दुमडून झोपण्याची सवय असेल तर कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळावा, म्हणजे ते पूर्ण वाकत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे कोपर पलंगाच्या कडेवर दाबले जात नाही ना, हे प्रत्येक वेळी कूस बदलताना पाहावे आणि हाताखाली उशी द्यावी.

मुंग्या दोन-तीन आठवड्यांत थांबल्या नाहीत, तर डॉक्टरांकडून कोपर आणि मान दोन्ही तपासून घ्यावी. बधिरपणासोबत त्वचेवर फिकट, संवेदनाहीन चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी आवश्यक आहे. तो आजार कोपरातील हाच मज्जातंतू सुजवतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मात्र तो पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

बोटांची शक्ती कमी होत असेल किंवा स्नायू सुकू लागले असतील, तर दोन-तीन आठवडेही थांबू नये. मज्जातंतू दिवसाला मिलिमीटरभर चालतो. आपण गमावलेला प्रत्येक महिना त्याला भरून काढता येत नाही.