किरणोत्सर्गाची जनुकीय खूण

किरणोत्सर्ग दिसत नाही, त्यास वास नाही, आणि तो शरीरात शिरताना वेदनाही होत नाही. अमुक मनुष्यास त्याची बाधा झाली हे, मापकयंत्र जवळ नसता, कशावरून ओळखावयाचे? या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी पेशींतील गुणसूत्रांत शोधले. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे. परंतु खुणेवरून कारणाकडे जाण्याचा हा मार्ग आम्हांसही परिचित आहे.

किरणांच्या आघाताने गुणसूत्रे तुटतात. पेशी तुटलेली टोके पुन्हा सांधते. मात्र घाईत कधी एका गुणसूत्राचे टोक दुसऱ्यास जोडले जाते. अशा जोडणीत दोन गुणसूत्रबिंदू एकत्र आले, म्हणजे द्विकेंद्री गुणसूत्र तयार होते. निरोगी माणसाच्या रक्तातील लसीकापेशींत ते फार विरळा, हजार पेशींत सुमारे एक, आढळते. किरणमात्रेबरोबर त्याचे प्रमाण वाढत जाते. १९८७ साली ब्राझीलमधील गोइयानिया शहरी टाकून दिलेल्या उपचारयंत्रातील सीझियम-१३७ सामान्य लोकांच्या हाती पडले. मापक कोणाच्याच अंगावर नव्हता. तेव्हा द्विकेंद्री गुणसूत्रे मोजूनच अनेकांस मिळालेली मात्रा अजमावण्यात आली.

ही खूण टिकाऊ नव्हे. द्विकेंद्री गुणसूत्र असलेली पेशी विभाजनात बहुधा नष्ट होते, आणि काही वर्षांत पुरावा पुसट होतो. ज्या जोडणीत प्रत्येक भागास एकेकच बिंदू राहतो, ती स्थानांतरणे मात्र टिकतात. हिरोशिमा व नागासाकी येथून वाचलेल्यांच्या रक्तात ती कित्येक दशकांनंतरही आढळली. पण वयाने आणि धूम्रपानानेही ती वाढतात, ही अडचण उरतेच.

खरा प्रश्न येथून पुढे आहे. खुणेवरून मात्रा कळेल. कारण कळेल काय? 'हजार' हा शब्द घ्या. संस्कृत 'सहस्र' समोर ठेवला, की 'स'च्या जागी आलेला 'ह' शब्दाचे इराणी मूळ सांगून टाकतो. उत्परिवर्तनात असा 'ह' सापडतो काय?

चेर्नोबिल येथील १९८६ च्या अपघातानंतर, लहानपणी किंवा गर्भावस्थेत आयोडीन-१३१ ची बाधा झालेल्या अनेकांस पुढे अवटुग्रंथीचा कर्करोग झाला. अशा ३५९ व्यक्तींच्या आणि अपघातानंतर नऊ महिन्यांहून अधिक काळाने जन्मलेल्या ८१ व्यक्तींच्या गाठींचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. मात्रा जितकी अधिक, तितके जनुकांचे लहान लोप व दोन जनुके जुळून झालेले संयोग अधिक, विशेषतः बाधेच्या वेळी वय लहान असल्यास. तथापि केवळ किरणोत्सर्गानेच घडते असे एकही उत्परिवर्तन हाती लागले नाही. तेच संयोग, तेच लोप किरणबाधा न झालेल्यांच्या गाठींतही होते. फरक प्रमाणाचा होता. (हे बदल देहपेशींतील आहेत, त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, बाधित पालकांना अपघातानंतर झालेल्या मुलांत नव्या उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.)

म्हणून या खुणांस कोणी किरणोत्सर्गाची 'सही' म्हणू लागल्यास आमचा आक्षेप राहील. सहीवरून सही करणारा ओळखता येतो. येथे तसे नाही. समूहाविषयी या खुणा पुष्कळ सांगतात, एका रुग्णाविषयी थोडेच. आपला रोग अपघातामुळेच झाला, असे म्हणणाऱ्या माणसाच्या गाठीतील जनुके तेवढ्यावर निःसंशय साक्ष देत नाहीत. तेव्हा तो कोठे राहत होता, किती वर्षांचा होता आणि कोठल्या गाईंचे दूध प्याला, हे अजूनही विचारावेच लागते.