वासाचं मूळ जिभेवर

तोंडाला वास आला की बिल पोटाच्या नावावर फाटतं. ‘पोट साफ नाही’ म्हणायचं आणि रात्री इसबगोल घ्यायचं! प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा वास तोंडातच तयार होतो, आणि त्यातही जिभेच्या मागच्या भागावर. तिथल्या खडबडीत पृष्ठभागात अन्नाचे बारीक कण आणि मृत पेशी अडकतात. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू त्यातली प्रथिनं फोडतात आणि गंधकाची संयुगं हवेत सोडतात. त्यातलं हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्यातला वास.

गंमत म्हणजे चरकसंहितेनं हे ठिकाण अचूक सांगून ठेवलंय. जिभेच्या मुळाशी साठलेला मळ दुर्गंधी आणतो, म्हणून जीभ घासा. आणि त्यासाठी पट्टी सोन्याची, चांदीची, तांब्याची, कथलाची किंवा पितळेची, धार नसलेली आणि वाकडी हवी. आज मेडिकलच्या दुकानात मिळणारा टंग क्लीनर याहून फारसा वेगळा नाही.

सकाळी उठल्यावर मात्र सगळे सारखेच. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तोंड धूत असते. झोपेत ती जवळजवळ आटते आणि जिवाणूंचं फावतं. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्यांचं तर विचारूच नका. निर्जळी उपवासातही तोच प्रकार: तोंड कोरडं, शिवाय शरीर चरबी जाळू लागलं की श्वासात किटोन उतरतात. पुण्य पदरात, वास तोंडात.

लसणाची चटणी हा वेगळाच मामला. त्यातलं एक गंधकयुक्त संयुग आतड्यातून रक्तात आणि रक्तातून फुप्फुसात जातं. म्हणजे वास तोंडातून येतोच, पण श्वासातूनही येतो. कितीही ब्रश घासा! अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांना 2010 मध्ये आढळलं, की लसणाबरोबर दूध घेतलं तर हा वास कमी होतो, आणि जेवणानंतरपेक्षा जेवतानाच घेतलेलं जास्त कामाला येतं. ठेच्याबरोबर दूध कोण पिणार, हा प्रश्न संशोधकांनी सोडवलेला नाही.

वास झाकायची धडपड तशी जुनीच. चीनच्या हान घराण्याच्या दरबारात सम्राटापुढे बोलायचं तर तोंडात लवंग धरावी लागे. लिस्टरिन हा माउथवॉश म्हणजे 1879 मधलं, मुळात शस्त्रक्रियेसाठीचं जंतुनाशक. 1920 च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासामुळे लग्नं जमत नसल्याची धास्ती लोकांच्या मनात घातली आणि खप वाढवला. आधी भीती विकली, मग बाटली. चूळ भरल्यानं वास तात्पुरता दबतो. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनं उलट तोंड कोरडं पडू शकतं.

स्वतःचा वास स्वतःला येत नाही, कारण नाकाला त्याची सवय होते. मनगटाची आतली बाजू जिभेनं चाटा, दहा सेकंद वाळू द्या आणि हुंगा. अंदाज येईल. मग रोज दोनदा दोन-दोन मिनिटं ब्रश, दातांच्या फटींत फ्लॉस, जिभेवर मागपर्यंत पट्टी. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. मिश्रीनं दात स्वच्छ होतात हा गैरसमज आहे, ती तंबाखूच.

एक वास मात्र ओळखून ठेवा. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत असेल, जोडीला उलट्या आणि धाप असेल, तर बडीशेप पुढे करू नका, तडक दवाखाना गाठा.