वॉर्डातले तरुण डॉक्टर आणि आपला पेशंट



मेडिकल कॉलेजच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पेशंट नेला, की गटातल्या बायका येऊन सांगतात, "मोठे डॉक्टर फिरकलेच नाहीत, पोरंच बघत होती." ही पोरं डॉक्टरच असतात बरं का. एमबीबीएस होऊन पुढं एमडी, एमएस शिकणारे. शिकता शिकता वॉर्ड सांभाळतात, त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. रात्रीचा दवाखाना यांच्याच जिवावर चालतो.

केंद्र सरकारच्या १९९२ च्या योजनेत यांना सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, असं लिहिलंय. प्रत्यक्षात सलग २४ तास, कधी ३६ तासही ड्युटी होते. मंजूर जागा रिकाम्या, पेशंटची रांग मात्र वाढती. जागा भरा, राहायला धड होस्टेल द्या, म्हणून 'मार्ड' या त्यांच्या संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये संपही केला होता.

यात आपलं काय जातं? रात्रभर बाळंतिणीजवळ जागलेली बाई सकाळी चहात मीठ टाकते. इथं चहाच्या जागी इंजेक्शन असतं. अमेरिकेत २००४ साली अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला. कमी तासांच्या ड्युटीत जिथं १०० गंभीर चुका, तिथं लांब ड्युटीत साधारण १३६.

पण नुसते तास कमी करून भागत नाही. ड्युटी लहान झाली की डॉक्टर जास्त वेळा बदलतात, आणि एकाकडची माहिती दुसऱ्याकडे जाताना काहीतरी गळतं. माझ्या मते सगळ्यात धोक्याची वेळ हीच. सकाळी सांगितलेली रक्ततपासणी रात्रीच्या डॉक्टरला ठाऊकच नसते.

म्हणून पेशंटजवळ थांबणारीनं जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत ठेवावीत. कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं, शुगर-बीपी आहे का, शेवटची लघवी कधी झाली, हे कागदावर लिहावं. लिहिता येत नसेल तर शेजारच्या खाटेवरच्या पोरीकडून लिहून घ्यावं, लाजू नये. नवीन डॉक्टर आले की, "मॅडम, सकाळच्या रिपोर्टचं काय झालं?" असं सरळ विचारावं. श्वास वाढला, रक्तस्राव दिसला, पेशंट गुंगीत गेला, तर राउंडची वाट न बघता आधी सिस्टरला गाठावं. आणि आवाज चढवू नये. समोरची पोरगी कदाचित काल सकाळपासून उभी असेल.