निसणीचा तिसरा पाय

अमरकोशांत शिडीस निःश्रेणि व अधिरोहिणी अशीं नांवें दिलीं आहेत. पहिल्यावरूनच आपला निसण हा शब्द आला. वस्तु इतकी जुनी व घरोघरची असल्यामुळें तिच्या घडणीचा कोणी फारसा विचार करीत नाहीं. परंतु झाडावरून पडून कंबर मोडून घेणाऱ्याचा दोष पुष्कळदां त्याच्या धैर्याचा नसून निसणीच्या ठेवणीचा असतो, असें आमचें मत आहे.

गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुका हा बांबूच्या रानांचा मुलूख. तेथील मेंढा (लेखा) गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क व २०११ सालीं बांबू विकण्याचा अधिकार मिळाला. या मुलुखांत मोहाचीं फुलें भुईवरून वेंचतां येतात. चारोळी व आवळा यांसाठीं मात्र फांदीपर्यंत पोंचावें लागतें. हात पोंचला नाहीं कीं फांदीच तोडण्याचा मोह होतो, आणि तिजबरोबर पुढील वर्षांचें फळही जातें. चांगली निसण माणसाप्रमाणें वृक्षाचेंही रक्षण करते, तें असें.

दोन पायांची निसण फांदीच्या आधारानें उभी राहते. फांदी वांकली कीं ती सरकते. ती जाड फांदीसच टेकावी, व माथा १२ फुटांवर असल्यास पाय बुंध्याकडील त्या टेंकणाच्या सरळ रेषेपासून ३ फूट दूर ठेवावे. अंतर कमी झाल्यास ती मागें उलटते, अधिक झाल्यास पाय घसरतात.

याहून उत्तम ती तिपायी निसण. जपानांत व अमेरिकेंत फळबागांतून ती वापरतात. चुलीचे तीन धोंडे उंचसखल जमिनीवरही डगमगत नाहींत, तोच न्याय येथें. दोन पाय खालीं फांकलेले, व तिसरा सुटा पाय फांद्यांच्या मधून आंत जाणारा. झाडाचा आधार लागतच नाहीं. उतारावर हा तिसरा पाय चढाच्या बाजूस ठेवावा. ही निसण मऊ मातीसाठीं आहे. फरशीवर तिचे पाय पसरतात.

निसण कोणतीही असो, बांबू जून व न चिरलेला घ्यावा. चढणाराची नाभि दोन्ही दांड्यांच्या मध्यें असावी. बाजूचें फळ हातीं लागत नसेल तर वांकूं नये. खालीं उतरून निसण हलवावी. वरच्या दोन पायऱ्यांवर उभें राहूं नये. विजेच्या तारांजवळ तर निसण नेऊंच नये. आंब्याच्या दिवसांत मुलें सुटींत गांवीं येतात. त्यांस वर चढविण्यापूर्वीं वडील माणसांनीं एवढें समजावून सांगावें, व निसणीचे पाय स्वतः हलवून पाहावे.