रोमानियाचं खेडं (भाग ४) : पाच गावांची कोमुना

मागच्या भागात आपण १९४९ ते १९६२ या काळातलं शेतजमिनीचं सामूहिकीकरण पाहिलं. आज त्या खेड्याच्या कारभाराकडे वळू. रोमानियात गावगाड्याचं सर्वांत लहान प्रशासकीय एकक म्हणजे ‘कोमुना’. आपली गट ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणली की तिची रचना चटकन कळते : एक किंवा अनेक गावं, त्यांची मिळून एक निर्वाचित परिषद आणि लोकांनी चार वर्षांसाठी थेट निवडलेला ‘प्रिमार’. देशात अशा २८००हून अधिक कोमुना आहेत. त्यांतल्या बऱ्याच फार लहान आहेत, म्हणून त्या एकमेकींत विलीन कराव्यात अशी मागणी वरचेवर होते. मला ही मागणी चुकीची वाटते. कोमुना मोडली, तर तिच्यातल्या कमी नशीबवान गावांसाठी भांडणारं कुणी उरणार नाही.

ब्रशोव जिल्ह्यातली बुनेश्ती ही कोमुना पाहा. बुनेश्ती, क्रित्स, मेशेनडॉर्फ, रोआदेश आणि विस्क्री ही तिची पाच गावं. बाराव्या शतकापासून हंगेरीच्या राजांनी ट्रान्सिल्व्हेनियात जर्मन भाषक लोक वसवले. सॅक्सन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनीच ही गावं उभी केली आणि आक्रमणाच्या भीतीने चर्चभोवती तटबंदी घातली. १९८९च्या क्रांतीनंतर बहुतेक सॅक्सन जर्मनीला निघून गेले. पाचही गावांचा वारसा एकच, पण पुढचं नशीब मात्र वेगळं. विस्क्रीचं चर्च १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, मिहाई एमिनेस्कू न्यासाने तिथली घरं दुरुस्त केली आणि ब्रिटनच्या चार्ल्स यांनी तिथे घर घेतल्यावर गावाचं नाव जगभर झालं. त्याच कोमुनेतल्या रोआदेशच्या चर्चचा बुरूज मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये कोसळला.

यावर पहिला आक्षेप असा, की तो बुरूज कोमुनेलाही वाचवता आला नाही, मग तिचा उपयोग काय? चर्चची मालकी धर्मसंस्थेकडे असते आणि कोमुनेची तिजोरी तुटपुंजी, हे खरंच आहे. पण बुरुजाच्या पडण्यातून दिसतं ते हे, की बाहेरची मदत गाव निवडून येते. देणगीदार विस्क्रीला पसंत करू शकतो. प्रिमारला ती मुभा नाही, कारण रस्ता, शाळा, पाणी यांसाठी पाचही गावं त्याच्याकडे मागणी करतात आणि पाचही गावांची मतं त्याला लागतात.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. अनेक कोमुनांचं स्वतःचं उत्पन्न अपुरं आहे, त्या केंद्राच्या निधीवर तगून असतात आणि त्यातला मोठा वाटा पगारांत जातो. परंतु त्यासाठी कारभारच दूर न्यायला हवा असं नाही. पाणी किंवा कचरा यांसाठी शेजारच्या कोमुना एकत्र येऊन संघ करू शकतात, आणि तशी सोय रोमानियन कायद्यात आहेही. सेवा एकत्र करता येतात. उत्तरदायित्व एकत्र केलं, की ते कुणाचंच राहत नाही. लोकांनाही हे उमगलेलं दिसतं : २००० नंतरच्या दशकात अनेक ठिकाणी सार्वमत घेऊन मोठ्या कोमुनांतली गावं वेगळी झाली आणि नव्या कोमुना जन्मल्या.

यामागे एक आठवणही आहे. देशातल्या सुमारे १३,००० खेड्यांपैकी निम्म्याहून अधिक नकाशावरून पुसण्याची योजना तेव्हाचा हुकूमशहा चाउशेस्कू याने १९८८ मध्ये पुढे आणली. कारण कार्यक्षमतेचंच दिलं होतं. डिसेंबर १९८९च्या क्रांतीने ती थांबवली. आजची विलीनीकरणाची मागणी त्या हुकूमशाहीसारखी नाही, हे मान्य. पण गावाचा हिशेब राजधानीच्या टेबलावर मांडला, की लहान गाव नेहमी तोट्यातच दिसतं. रोआदेशसारख्या गावाची बाजू त्या टेबलापर्यंत नेणारं कुणीतरी हवं, आणि आज ते काम कोमुनाच करू शकते.

(पुढील भागात : परदेशी गेलेल्या रोमानियन मजुरांचा पैसा आणि रिकामी घरं)