मजुरांचा पुढारी कौन्सिलात

मजुरांच्या पुढाऱ्याने कौन्सिलात मजुरीपुरतेच बोलावे, असे मानणाऱ्यांस आम्ही रा. सीताराम केशव बोले यांचे स्मरण देतो. गिरणी कामगारांच्या कामगार हितवर्धक सभेच्या या पुढाऱ्याने १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला तो पाण्याचा! सार्वजनिक पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या म्युनिसिपालिटीनेही १९२४ साली चवदार तळे खुले ठरविले. परंतु १९२७ साली डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्याले, तेव्हा मारहाण झाली आणि म्युनिसिपालिटीने आपला ठराव फिरविला. हा दोष बोल्यांचा नव्हे. तो म्युनिसिपालिटीत बसणाऱ्या व तीस मते देणाऱ्या शहाण्यासुरत्या नागरिकांचा होय. कौन्सिलाच्या ठरावास कोरा कागद म्हणून हसणारे विसरतात की, महाडास तोच कागद सत्याग्रहींच्या उपयोगी पडला.