महागडी केबल चित्र सुधारते का?

आजचा प्रश्न अगदी घरगुती आहे. समजा, दुकानात तुम्ही टीव्हीसाठी एचडीएमआय केबल मागितली आणि समोर दोन आल्या. एक तीनशेची, दुसरी तीन हजारांची, टोकांना सोन्याचा मुलामा दिलेली. विक्रेता म्हणतो, 'काका, हिच्यात रंग जास्त खुलतात.' हे विधान आपण जरा तपासून पाहू.

तत्त्वज्ञानात मात्राभेद आणि प्रकारभेद वेगळे मानतात. जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या केबलमधून विद्युतदाबाचे चढउतार जात, आणि तेच चित्र, तोच आवाज. वाटेत थोडी गडबड झाली की चित्रही थोडं बिघडे. हा मात्राभेद. एचडीएमआयमधून जातात शून्य आणि एक यांचे संकेत. समोरच्या यंत्राने एवढंच ओळखायचं, की हे शून्य की एक? शंभराची नोट चुरगळली म्हणून नव्वदची होत नाही ना? पण नंबरच फाटून गेला तर ती कुणी घेत नाही. इथेही तसंच. संकेत ओळखता आले नाहीत की पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटतं किंवा पडदा काळा होतो. रंग फिके मात्र पडत नाहीत.

मग सगळ्या केबल सारख्याच का? नाही. फरक आहे तो क्षमतेचा. फोर-के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. झाले की नाही सेकंदाला जवळजवळ १२ अब्ज बिट! संकेत पाठवण्याचा जादा भार धरून लागते सुमारे १८ गिगाबिटची केबल. म्हणून वेष्टनावर 'प्रीमियम हाय स्पीड', म्हणजे १८ गिगाबिट, किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड', म्हणजे ४८ गिगाबिट, हे शब्द शोधा. लांबीही पाहा, केबल जितकी लांब, तितका संकेत क्षीण.

आवाजाचंही तेच. साउंडबारच्या ऑप्टिकल केबलमध्ये न दाबलेला ५.१ आवाज मावत नाही. त्यासाठी दोन्ही यंत्रांना 'ईआर्क' लिहिलेली एचडीएमआयची जागा हवी.

आणि सोनं? ते गंजत नाही. कोकणातल्या दमट हवेत त्याचा उपयोग आहे, पण रंगांशी संबंध नाही.

कुठलंही विधान ऐकलं की विचारावं, 'हे खोटं असेल तर मला कसं कळेल?' इथे उत्तर सोपं आहे. घरातल्या कुणाला तरी तुमच्या नकळत केबल बदलायला सांगा. दहा वेळा करा. दरवेळी ओळखता आली, तर तीन हजार खुशाल मोजा.